पाणीखात्यातला जावई

जानराव पाणीपुरवठा खात्यात होते, आणि ही गोष्ट अकोल्यात लपवून ठेवता येण्यासारखी नव्हती. एकतीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी टाकून ते गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत आले होते. आता मुकादम झाल्यामुळे चावी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली होती, शिव्या मात्र अजून त्यांच्याच वाट्याला येत. लग्नाला गेले तर पंगतीत शेजारचा माणूस जिलबी पुढे सरकवता सरकवता विचारायचा, "मुकादम, आमच्या लाईनले पानी कधी सोडता?" मयतीला गेले तर रडणारा माणूस क्षणभर थांबून, नाक पुसून, तेच विचारायचा. एकदा न्हाव्याने गळ्याशी वस्तरा धरून विचारलं होतं. तेव्हा जानरावांनी घाईघाईने दोन दिवस अलीकडची तारीख सांगून टाकली होती.

त्यात ते वर्ष वाईट होतं. आदल्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला होता आणि या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. धरणाचा तळ दिसायला लागला होता. डाबकी रोडवरच्या त्यांच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा, कधी दहाव्या. कोणत्या वेळी येईल ते कोणालाच ठाऊक नसे, खुद्द मुकादमांनासुद्धा. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरी एकच रीत होती: नळ कधी बंद करायचाच नाही. तोटी पूर्ण उघडी ठेवायची, खाली जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, टोपलं उपडं घालायचं, आणि आपापल्या कामाला लागायचं. पहिली धार टोपल्यावर पडली की ताड ताड आवाज व्हायचा आणि सगळी गल्ली हातातलं काम टाकून घागरीएवढे गुंड, बकेटी, ड्रम घेऊन धावायची. हा आवाज सगळ्यात आधी ऐकायच्या त्या मैनाबाई, म्हणजे आमच्या मुकादमांच्या घरधनीण.

मैनाबाईंचं माहेर भातकुलीचं. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खोदा की खारं पाणी, बोअर मारा की त्याहून खारं. पोरवयात मैनाबाई गोड्या पाण्यासाठी डोक्यावर गुंड घेऊन कोस-कोस चालायच्या. कुठलंही पाणी दिसलं की आधी बोट बुडवून जिभेला लावायचं, ही त्यांची सवय तेव्हापासूनची. त्यांना पाहायला स्थळं बरीच आली होती. एकाची वीस एकर काळी जमीन होती, एकाचं किराणा दुकान होतं. पण त्यांच्या वडिलांनी सगळ्यांना नकार देऊन, खिशात फुटकी कवडी नसलेल्या जानरावांना मुलगी दिली. कारण विचारलं तर मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "जवाई पानीखात्यात हाय. माह्या पोरीले पानी कमी पडनार नाही."

हे वाक्य जानरावांच्या काळजात एकतीस वर्षं रुतून बसलं होतं. मैनाबाईंनी ते कधी बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या बोलायच्या नाहीत. नळाशी बसल्या बसल्या फक्त टोपल्याकडे पाहायच्या, आणि मग नवऱ्याकडे पाहायच्या. एवढ्यावर जानरावांना जेवण जात नसे.

अशात पुण्याहून सीमाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिच्या कंपनीने जहाजावरच्या सहलीची तिकिटं दिली होती. जावई गोपाल, ती, आणि आई-बाबा, अशी चौघांची. मुंबईहून संध्याकाळी निघायचं, दुसरा अख्खा दिवस समुद्रात काढायचा, तिसऱ्या दिवशी सकाळी परत.

जानरावांनी फोन ठेवला आणि त्यांच्या मनात एक विचार आला. अख्खा दिवस. नळ नाही, टोपलं नाही, आठवा दिवस नाही. या बाईला आयुष्यात एक दिवस तरी पाण्याची फिकीर नसलेला दाखवायचा. सासऱ्याच्या शब्दाचं एकतीस वर्षांचं देणं एका दिवसात फिटतं की नाही हा प्रश्न वेगळा, पण सुरुवात तरी होईल. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं आणि तिथेच चूक झाली, कारण ठरवल्याबरोबर त्यांनी ते शेजारी सांगितलं.

शेजारी गयासुद्दीन. संत्र्यांचा व्यापारी. हंगामात शेंदूरजनाघाटच्या बागांमधून माल उचलायचा आणि अकोल्यात विकायचा. भिंतीला भिंत लागून तीस वर्षं राहिलेला माणूस.

"जहाज जातं कुठं पन?" त्याने विचारलं.

"कुठंच नाही. समुद्रात जाते अन् परत येते."

"उतरायचं कुठं?"

"मुंबईलेच."

"अन् चढायचं?"

"तेही मुंबईलेच."

गयासुद्दीनने बोटाने हवेत एक गोल काढला. "जानरावभाऊ, मंग जाता काहून?"

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर पसरली आणि जो तो सल्ला द्यायला आला. कुणी म्हणालं, पोटावर कागद बांधा, ओकारी होत नाही. कुणी म्हणालं, जहाजाच्या बरोब्बर मधोमध झोपा. एका रिटायर मास्तरांनी तर अंगणात उभं करून पोहण्याचे हातवारे करून घेतले. त्यात अडचण एवढीच की मास्तरही कधी पाण्यात उतरलेले नव्हते. भातकुलीहून मैनाबाईंचा भाऊ सहदेव याचा फोन आला. "इथं लोकं टँकरची वाट पाहून राह्यले, अन् पानीखात्याचा मुकादम समुद्र पाह्यले चालला? लोकं म्हनतीन काय?" लोक काय म्हणत होते ते जानरावांना ऐकू येतच होतं. पानाच्या टपरीवर दोघे जण बोलत होते, "मुकादम समुद्रावर चालले म्हने. पाइपलाइनचं पाहाले गेले असतीन." दुसऱ्याने हे खरं मानलं. दुसऱ्या दिवशी तिघींनी मैनाबाईंना विचारलं की समुद्राचं पाणी कधीपासून सुटणार.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरी अडचण आली रजेची.

ऑफिसात रजेचा टेबल बुधाजींकडे होता. नियमाबाहेर बुधाजी शिंकतसुद्धा नसत. जानरावांनी अर्जात कारण लिहिलं, 'समुद्रपर्यटन'. बुधाजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"समुद्रात कुठवर जाता?"

"ते जहाजवाल्याले माहीत."

"किनाऱ्यापासून काही मैल गेलं की देश संपते, मुकादम. तिकडं गेले तं ते परदेशगमन. त्याले ना-हरकत लागते."

"अहो, पन उतरायचंच नाही कुठं!"

"उतरा की नका उतरू. देश सोडला की नाही, हा मुद्दा हाय."

फाइल वर गेली आणि शेरा घेऊन खाली आली: 'सदर कर्मचारी मुंबई येथून निघून मुंबई येथेच पोहोचणार असल्याचे दिसते. मधल्या काळात ते कोठे असणार, याचा लेखी खुलासा घ्यावा.' जानरावांनी चिडून खुलासा लिहिला: 'मधल्या काळात मी पाण्यावर असेन.' आता पाणीखात्यात 'पाण्यावर असणे' म्हणजे ड्युटीवर असणे. फाइल पुन्हा वर गेली आणि नवा शेरा घेऊन आली: 'कर्मचारी कर्तव्यावर राहणार असल्यास रजेचे प्रयोजन काय?' शेवटी जानरावांनी कारण खोडून 'घरगुती कार्य' असं लिहिलं आणि दहा मिनिटांत रजा मंजूर झाली. बुधाजी निरोप देताना म्हणाले, "हे पह्यलेच लिवलं असतं तं?"

निघायच्या दिवशी मैनाबाईंनी जहाँआराभाभींच्या, म्हणजे गयासुद्दीनच्या बायकोच्या, हाती घराची किल्ली दिली आणि पाऊण तास सूचना दिल्या. पहिल्या दोन बकेटी गंजाच्या येतात, त्या तुळशीला टाकायच्या. मग गुंड, मग ड्रम, टाकी शेवटी. जहाँआराभाभी म्हणाल्या, "मैनाताई, तुमचं भरल्याशिवाय मी माझं एक भांडं भरनार नाही. तुमी जा बरं आता, गाडी चुकन." गयासुद्दीनने संत्र्यांची एक पेटी आणून ठेवली. "मळमळ झाली की एक सोलायचं. जहाज कितीबी हललं तरी पोट हलत नाही."

ही पेटी मुंबईच्या बंदरापर्यंत डोक्यावरून सुखरूप आली आणि बंदराच्या दारात अडली. बाहेरची फळं आत न्यायची नाहीत, असं तिथल्या शिपायाने सांगितलं. ऐन दुष्काळात झाडावर तगलेली संत्री कचऱ्याच्या डब्यात टाकणं जानरावांना शक्यच नव्हतं. मग फाटकाबाहेर भिंतीला टेकून, पुण्याहून आलेल्या सीमा-गोपालसह चौघांनी संत्री सोलायला सुरुवात केली. गोपालने सहा खाल्ली, सीमाने चार, मैनाबाईंनी पाच. बाकीची टॅक्सीवाल्यांना, हमालांना आणि शेवटी त्या शिपायालाही वाटली. जानरावांनी एकट्याने चौदा संपवली. नव्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे डाग घेऊन आणि पोटात गुडगुड घेऊन पाणीखात्याचे मुकादम जहाजावर चढले.

जहाजाबद्दल एवढंच सांगतो की ते गावाएवढं होतं आणि त्यात गालिचे होते. सहाव्या मजल्यावर त्यांची खोली होती, चौघांना मिळून एक. आत शिरल्या शिरल्या मैनाबाईंनी पलंग पाहिला नाही, खिडकीतून दिसणारा समुद्र पाहिला नाही. त्या सरळ न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. धार आली. बोट बुडवून जिभेला लावलं. गोड. मग तिथून सुरू झालं. बाटल्या भरल्या, चहाची किटली भरली, काचेचे ग्लास भरले, पलंगाखाली सापडलेली कचऱ्याची बादली धुऊन तीही भरली.

"आई, अगं काय करतेस?" सीमा ओरडली. खोली दाखवायला आलेला जहाजाचा माणूस दारात उभा राहून हे सगळं पाहत होता.

"आलं हाय तवर भरून घेते."

"इथं चोवीस तास पाणी असतं गं!"

"तुह्ये बाबाही लोकायले असंच सांगतेत."

जानराव पुढे झाले. "ऐक. उद्याचा दिवस आपन पान्याचं नावच काढायचं नाही. मी शब्द देतो तुले. एक दिवस तरी आरामात बस."

"चारी बाजूनं पानीच पानी हाय, नाव काढू नाही तं काय करू?" मैनाबाई म्हणाल्या, पण त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

गोपालने समजावून सांगितलं, "आई, जहाजावर मोठं यंत्र असतं. समुद्राचं खारं पाणी आत घेतं आणि गोड करून देतं. कितीही वापरा."

मैनाबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "खाऱ्याचं गोड होते? अन् असं मशीन हाय?"

"आहे ना."

"मंग जवाईबापू, भातकुलीले काहून नाही लावत कोनी?"

गोपालने खिडकीतून बाहेर पाहायला सुरुवात केली.

संध्याकाळी सगळ्या प्रवाशांना एका दालनात जमवून नारिंगी जाकिटं कशी घालायची ते शिकवलं. भोंगा झाला की जाकीट घालून जिन्याजवळ जमायचं, घाई करायची नाही, सामान घ्यायचं नाही. जानरावांनी जाकीट उलटं घातलं आणि ते काढायला दोन माणसं लागली, पण तो भाग सोडून देऊ.

दुसरा दिवस उजाडला तो नुसता निळा. कुठेच जमीन नाही. सकाळी मैनाबाई दोनदा खोलीत जाऊन नळ सोडून पाहून आल्या. दोन्ही वेळा धार आली. नाश्त्यानंतर तिसऱ्यांदा उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि काय वाटलं कोण जाणे, परत येऊन बसल्या. वरच्या उघड्या मजल्यावर लांबट खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर पाय वर घेऊन, पदर खोचून त्या टेकल्या. समुद्राकडे पाहत म्हणाल्या, "एवढं पानी. अन् एक मानूस लाईनीत नाही."

जानरावांना भरून आलं. बायकोच्या कपाळावर एरवी दोन आठ्या असायच्या, त्या त्यांनी लग्नानंतर चार-सहा महिन्यांत तिथे आलेल्या पाहिल्या होत्या. आज त्या नव्हत्या. त्यांना वाटलं, सासरे असते तर बोलावून दाखवलं असतं.

नेमकी त्याच वेळी भोंग्यातून घोषणा झाली. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. सहाव्या मजल्यावर दुरुस्तीसाठी एक तास पाणी बंद राहील, तसदीबद्दल माफी असावी.

आजूबाजूच्या दीडशे माणसांपैकी एकानेही मान वळवली नाही. कुणी सरबत पीत होतं, कुणी पत्ते खेळत होतं. अकोल्यात ही घोषणा झाली असती तर रस्त्यावर बकेटींचे ढीग लागले असते. मैनाबाई लाटांकडे पाहून स्वतःशीच हसत होत्या. त्यांनी ती ऐकलीही नव्हती. ऐकली फक्त जानरावांनी. एक तास! पाणीखात्याचा एक तास किती असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी स्वतः कितीतरी वेळा 'एक तास' असं सांगून तिसऱ्या दिवशी पाणी सोडलं होतं.

"लघवीले जाऊन येतो," असं पुटपुटून ते उठले आणि घाईने सहाव्या मजल्यावर गेले.

खोलीत कोणी नव्हतं. सीमा-गोपाल खाली पोहायच्या तलावावर होते. कालच्या भरलेल्या बाटल्या सीमाने बेसिनमध्ये ओतून रिकाम्या करून ठेवल्या होत्या. त्यांनी नळाची तोटी फिरवली. नळ गुरगुरला, थोडी हवा सोडली आणि गप्प झाला. ही गुरगुर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. पुढचं सगळं हातांनी आपोआप केलं. तोटी पूर्ण उघडी ठेवली. उपडं घालायला टोपलं नव्हतं, म्हणून बेसिनचं बूच घट्ट बसवलं. निदान पहिलं आलेलं पाणी तरी वाया जायला नको. दहा मिनिटांनी परत येऊन पाहू, असं ठरवून ते वर आले.

"बसा ना जराशे," मैनाबाईंनी शेजारची खुर्ची थोपटली. "सारखं काय उठून राह्यले?"

जानराव बसले. बसले म्हणजे टोकावर बसले. मैनाबाई बोलायला लागल्या, आणि घरी कधी बोलत नसत असं काही बोलायला लागल्या. भातकुलीला असताना गोड्या पाण्याच्या वाटेवर एक बाभूळ होती, तिच्याखाली मैत्रिणी गुंड उतरवून गाणी म्हणायच्या. त्यातल्या पंचफुला नावाच्या मैत्रिणीचा आवाज इतका चढा होता की गावातली कुत्री भुंकायची. एकदा गाण्याच्या नादात सगळ्या जणी रिकामेच गुंड घेऊन घरी परतल्या होत्या आणि मार खाल्ला होता. हे सांगताना मैनाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जानरावही हसले. तेवढ्यात समोर पाण्यातून काळ्या पाठीचे मोठे मासे उड्या मारत गेले, सगळे लोक कठड्याकडे धावले, आणि मैनाबाईंनी चारचौघांत नवऱ्याचा हात धरला. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा. जानराव खुर्चीत मागे टेकले. ऊन अंगावर आलं, वारा आला, आणि पाणीखात्याचा मुकादम पाणी विसरला.

तो पुरे दोन तास विसरला. घड्याळ पाहिलं नाही. एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं, आणि अंगवळणी नसलेल्या गोष्टी माणसाला जपून करता येत नाहीत.

आरडाओरडा जिन्यातून वर आला. "पानी! जहाज में पानी घुस गया!"

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते सांगणं कठीण आहे. नारिंगी जाकिटं कुठून आली कळलं नाही, पण सगळीकडे तीच दिसायला लागली. सामान घ्यायचं नाही असं बजावलेलं असल्यामुळे जो तो बॅग छातीशी धरून पळत होता. एक आजोबा जिन्यात बसून मोठ्याने स्तोत्र म्हणत होते. कोणीतरी आरती सुरू केली. जहाजाचे लोक "घबराइए मत" असं ओरडत होते, पण ते स्वतः घाबरल्यासारखे दिसत असल्यामुळे उपयोग होत नव्हता. सहाव्या मजल्यावरच्या बोळात गालिच्यावरून पाणी वाहत होतं आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून थेंब थेंब खाली पडत होतं. सीमा आईला शोधत ओल्या कपड्यांनी धावत आली आणि रडायला लागली. गोपाल फोन वर धरून रेंज शोधत होता. जानरावांच्या मनात बुडायची भीती नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे एक बेसिन होतं.

मैनाबाई मात्र गर्दी बाजूला सारून जिना उतरून सहाव्या मजल्यावर गेल्या. पदर सावरला, वाकल्या, गालिच्यावरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

कोणाला कळलं नाही. मैनाबाईंनी पुन्हा चाखलं आणि भातकुलीच्या विहिरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "अवो, गोड हाय पानी! समुद्राचं नाही! कोनाचा तरी नळ चालू राह्यला!"

गोपालने ते हिंदीत ओरडून सांगितलं, कोणीतरी इंग्रजीत सांगितलं, आणि आरती मध्येच थांबली. दोन-तीन जणांनी खात्री करायला बोटं बुडवून चाखलं. मग लोक हसायला लागले, जाकिटं काढायला लागले. मैनाबाईंनी मात्र वळून नवऱ्याकडे पाहिलं. टोपल्याकडे पाहून झाल्यावर पाहायच्या, तसं.

पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी किल्ली घेऊन आला. पाण्याच्या मागोमाग जाता जाता सगळे एका दाराशी थांबले, आणि ते दार यांचंच निघालं. नळ धो धो वाहत होता. अधिकाऱ्याने तो बंद केला. त्याच्याबरोबर काल खोली दाखवायला आलेला माणूस होता. त्याने मैनाबाईंकडे पाहिलं आणि अधिकाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. अधिकारी सभ्य होता. हळूच म्हणाला, "माताजी, नल खुला रह गया था."

"आई!" सीमाचा चेहरा लाल झाला. "तुला किती वेळा सांगितलं! किती माणसं घाबरली! लाज वाटते मला!"

मैनाबाई पदराने हात पुसत राहिल्या. जानराव बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण समोर जावई उभा होता, मुलगी उभी होती, आणि मागे अर्धं जहाज उभं होतं. तोंड उघडलं तसं मिटलं. आयुष्यभर शिव्या खाल्लेला माणूस, पण या एका शिवीची त्यांना छाती झाली नाही.

खोली पुसून झाल्यावर दोघंच होते तेव्हा त्यांनी खाली मान घालून विचारलं, "तू काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? पानीखात्याच्या मुकादमाले नळ बंद करता येत नाही म्हनून? जवायासमोर खात्याची काय इज्जत राह्यली असती?" मैनाबाईंनी ओलं फडकं पिळलं. सीमाच्या बोलण्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. कपाळावर दोन्ही आठ्या परत आल्या होत्या. त्या पाहून जानरावांना स्वतःची इतकी शरम वाटली की दुपारचं जेवण गेलं नाही. तिला एक दिवस द्यायला निघाले होते, आणि त्यात तिच्याच माथी दोष मारून बसले.

संध्याकाळी मोठ्या दालनात कार्यक्रम होता. कप्तान आला, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी हिंदीत म्हणाली की आज एका माताजींनी एक घोट पाणी चाखून सगळ्या जहाजाची घबराट थांबवली, म्हणून कप्तानसाहेब आपली टोपी त्यांना भेट देणार आहेत. मैनाबाईंना मंचावर बोलावून कप्तानाने टोपी त्यांच्या हातात दिली. मागून कोणीतरी म्हणालं, "नल भी तो माताजी ने ही खोला था!" दालन हसलं. मुलगीही हसली. मंचावर उभ्या असलेल्या मैनाबाई टोपी हातात घेऊन खाली पाहत राहिल्या.

जानराव उठले. गुडघ्याला खुर्ची लागली, ती पडली. ते सरळ मंचावर गेले आणि मुलीच्या हातातून माइक घेतला. हिंदी सुचेना, म्हणून जे सुचलं ते बोलले.

"नळ हिनं नाही, म्या उघडा ठेवला. मी पानीखात्यात हाव. एकतीस वर्सं. आमच्याकडं नळ बंद नाही करत, कारन पानी कधी येईन काही भरोसा नसते. म्या हिले शब्द देला होता, एक दिवस पान्याची चिंता करू नको म्हनून. हिनं नाही केली. म्याच केली. अन् सकाळपासून तोंड दाबून बसलो." त्यांनी माइकसकट हात जोडले. "माफ करजा. तिले नका हासू."

गोपालने उभं राहून जेवढं जमलं तेवढं हिंदीत सांगितलं. सीमाने तोंडावर हात ठेवला होता.

मैनाबाईंनी नवऱ्याच्या हातातून माइक घेतला. त्या माइकवर पहिल्यांदाच बोलत होत्या, म्हणून त्यांनी तो नळाच्या तोटीसारखा घट्ट धरला.

"माह्या बापानं मांडवात म्हटलं होतं, जवाई पानीखात्यात हाय, माह्या पोरीले पानी कमी पडनार नाही. एकतीस वर्सं मले वाटे, बाप चुकला." त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोडल्या. "आज घोट्यापर्यंत पानी झालं. नाही चुकला बाप माहा."

मग त्यांनी कप्तानाची ती पांढरी टोपी जानरावांच्या डोक्यावर घातली. ती कानांपर्यंत आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सीमा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, आणि जानराव टोपीच्या आत मान खाली घालून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, हुंदके देऊन रडले.

दोघं खाली येऊन खुर्च्यांवर बसले तोच भोंगा खरखरला. सहाव्या मजल्यावरचे गालिचे सुकवायचे आहेत, सबब अर्धा तास पाणी बंद राहील.

टोपीसकट जानराव अर्धवट उठले. मैनाबाईंनी त्यांच्याकडे न पाहता सदऱ्याची बाही धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

आणि ते बसले.